मिट तोंड म्हणणाऱ्या बाई

दाताचा डॉक्टर म्हटला की पहिलं वाक्य ‘आ करा’, एवढं तुम्हालाही माहीत असेल. आमच्या जव्हारच्या डॉक्टरीणबाईंचं सगळंच उलटं. माणूस खुर्चीत टेकतो न टेकतो, सवयीनं आ वासतो, तोच त्या खेकसायच्या, “मिट तोंड!”

मोखाड्याकडून येणारी माणसं आधीच भेदरलेली असायची. सूर्यमाळचा एक म्हातारा तर हे ऐकून उठला आणि दाराशी येऊन चपला शोधायला लागला. त्याला वाटलं, बाईंनी हाकललं. मी शेजारच्या माझ्या दुकानातून ओरडले, “बाबा, बसा तिथंच! त्या सगळ्यांना असंच म्हणतात.” तो परत गेला, पण तोंड असं घट्ट मिटून बसला की मग उघडायला तयार होईना.

त्यामागं कारण होतं. उघड्या तोंडात दात वाळतो, आणि वाळला की मूळच्यापेक्षा पांढरा दिसायला लागतो. म्हणून रंग आधी बघायचा, ओल्या दाताचा. कापाकापी, भूल, दुखणंखुपणं सगळं नंतर. हे मला कसं माहीत? अहो, इतकी वर्षं शेजारी बसून ऐकलंय. पोपटसुद्धा बोलायला लागला असता.

बाईंच्या दवाखान्याला लागून माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, फॉल, परकर, अस्तर. दोघींच्या पुढे मिळून एकच ओटा, आणि त्याचं तोंड उत्तरेला. ऊन आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा. त्या ओट्यावर दोघींचं पोट होतं म्हणा ना. मी गिऱ्हाईक बाईला साडी घेऊन बाहेर आणायची, “इथं उजेडात बघा, आत फसाल.” आणि बाई पेशंटला बाहेर आणायच्या, दात बघायला.

आणायच्या म्हणजे कशा! लिपस्टिक असेल तर पुसायला लावायच्या. गळ्याभोवती पांढरा टॉवेल गुंडाळायच्या, म्हणजे साडीचा रंग दातावर नको. हातात नमुन्याच्या दातांची पट्टी. आणि मग माझ्याकडे वळून हुकूम सोडायच्या, “लाल उतरव!”

माझ्या दुकानाच्या दर्शनी बाजूला लाल ब्लाउजपीस टांगलेले असतात. लाल दिसला की बाई थांबते, हा धंद्याचा नियम आहे. ऐन लग्नसराईत ते उतरवायचे?

“अहो, मी काय तुमच्यासाठी दुकान बंद ठेवू?”

“बंद नको ठेवू. लाल उतरव. सगळी झाक त्याच्या दातावर पडतेय.”

“तुम्ही पेशंट तिकडं वळवा की!”

“तिकडं ऊन आहे. उतरवतेस की मी उतरवू?”

मधोमध तो पेशंट, गळ्यात टॉवेल, दाढी करायला बसल्यासारखा, आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघतोय. शेवटी मी तणतणत काठी घ्यायची आणि लाल उतरवायची. दिवसातून कितीदा तरी. अशी भांडणं आणि दुपारचा चहा, यांवर आमची मैत्री चालली होती.

बाई मूळच्या इथल्या नव्हेत. सरकारी दवाखान्यात नोकरीला म्हणून आल्या, नोकरी संपली तरी परत गेल्या नाहीत. घरी एकट्याच. नाशिकला एक पुतण्या. फटकळ म्हणजे किती? मोखाड्याचा एक पुढारी त्यांच्याकडे आला, म्हणाला, ट्यूबलाइटसारखे पांढरे पाहिजेत समोरचे दात. बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “बैलबाजारात उभं राहायचंय का?” तो गेला तो परत आला नाही. बाईंना त्याचं काही नव्हतं. दात बसवलाय हे कळलं तर तो दात कसला, असं त्यांचं म्हणणं.

सिरॅमिकचे दात नाशिकहून यायचे, पण अर्धकच्चे. शेवटचा हात बाईंचा. मागच्या खोलीत त्यांची छोटी भट्टी होती. दात तोंडात लावून बघायचा, मग केसाएवढ्या ब्रशनं त्यावर रंगाचा हलका हात द्यायचा आणि भट्टीत घालायचा. मी एकदा म्हटलं, “बाई, दात तो दात. पांढरा असला म्हणजे झालं. त्यात रंगवायचं काय?”

झालं! माझ्या दंडाला धरून मला आत नेलं. हे बघ, मुळाशी पिवळट. हे बघ, टोकाला काचेसारखा. खालचा मेलेला दात काळा पडलेला असेल तर तो वरच्या सिरॅमिकमधून डोकावतो. सिरॅमिक पातळ, तर जास्तच डोकावतो. चिकटवायच्या लेपालाही रंग असतो. भट्टीत दर खेपेला रंगाचा थोडा जीव जातो. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, “म्हणजे पातळ वॉईलच्या साडीखाली काळा परकर घालू नये, हेच ना?”

बाई इतक्या खूश झाल्या! “अगं, तू जरा कमी बोलली असतीस ना, तर डॉक्टर झाली असतीस.”

डोळे शिणले की त्या माझ्याकडे येऊन राखाडी अस्तराच्या ताग्याकडे बघत उभ्या राहायच्या. दाताकडे टक लावून बघत बसलं की रंग कळेनासा होतो, म्हणून मधेमधे डोळे धुऊन घ्यायचे, असं त्या म्हणायच्या. नवी गिऱ्हाइकं बिचकायची. मी सांगायची, “घ्यायचं नाहीये त्यांना. नुसतं बघतात.”

आणि दात बसवून झाला की शेवटची तंबी ठरलेली. “घरी जाऊन आरशात रंग बघायचा नाही. तुमच्या त्या पिवळ्या बल्बखाली काय दिसणार, कपाळ? मी उजेडात बघितलाय. मी म्हणते तो बरोबर.”

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या वाक्यामुळं झालं.

गेल्या दोन-तीन वर्षांत बाई ओट्याची पायरी पायानं चाचपून उतरायला लागल्या. माझ्या निळ्या ब्लाउजला काळा म्हणाल्या. मी हसले तर चिडल्या, म्हणाल्या, चष्म्याचा नंबर वाढलाय, आणखी काही नाही. पुतण्या आला, त्यानं डोळे तपासायला नाशिकला नेलं, तर मोतीबिंदू. तोही चांगला पिकलेला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढं करू म्हणाले.

काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली त्या दिवशी बाई सकाळीच ओट्यावर आल्या. चष्मा काढला आणि माझ्या दुकानाकडं बघून लहान मुलीसारख्या ओरडल्या, “अगंबाई! हा निळा तुझ्याकडं कधीपासून?”

“तो? तो पहिल्यापासून आहे.”

“आणि तो जांभळा? आणि हे अस्तर खरंच राखाडी आहे की गं! मला आपलं मातकट दिसायचं.”

मी सगळे तागे खाली काढले. एकेक उलगडत गेले, त्या बघत गेल्या. गंमत म्हणजे लालसुद्धा बघितला आणि त्या दिवशी उतरव म्हणाल्या नाहीत.

तेवढ्यात खोडाळ्याच्या जीपमधून अंगणवाडीच्या ताई उतरल्या. त्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक, आणि बाईंच्या जुन्या पेशंट. गरीब स्वभावाची, हळू बोलणारी बाई. आदल्या वर्षी त्यांचा समोरचा दात तुटला होता, बाईंनीच त्यावर नवा बसवला होता. बाईंना ऑपरेशननंतर बरं बघून ताईंना इतका आनंद झाला की पदर-बिदर विसरून त्या तोंडभर हसल्या.

बाई पुढं झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद कुठल्या कुठं गेला. ताईंची हनुवटी वर धरून म्हणाल्या, “हा कुठल्या गाढवानं बसवला गं?”

ताईंचा हात पदराकडं गेला. मी लगबगीनं तागा गुंडाळायला घेतला.

“अगं, विचारतेय! मक्याचा दाणा आहे हा! कुठं गेली होतीस, ठाण्याला?”

ताई माझ्याकडं बघायला लागल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “तुम्हीच ना बाई.”

मी आजवर माणसं चिडलेली बघितली, रडलेली बघितली. पण असा चेहरा बघितला नव्हता. बाईंच्या थोबाडीत कोणी मारली असती तरी त्या इतक्या हादरल्या नसत्या. क्षणभर मला वाटलं, ही बाई आता इथंच खाली बसणार.

बसल्या नाहीत. हात वर करून त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा झाकला आणि जुन्या डोळ्यानं ताईंच्या दाताकडं बघितलं. “बरोबर आहे,” पुटपुटल्या. मग जुना डोळा झाकला आणि नव्यानं बघितलं. पुन्हा हा, पुन्हा तो. जुन्या डोळ्याला शेजारचा दात आणि बसवलेला दात सारखेच दिसत होते. मोतीबिंदूनं पिवळं सगळं पुसून टाकलं होतं. लावलेला पिवळा दिसत नव्हता म्हणून त्या ब्रशनं तो आणखी लावत गेल्या, आणखी लावत गेल्या, आणि त्यांच्या डोळ्याला पुरेसा झाला तेव्हा दात भट्टीत गेला.

“वर्षभर तू हा तोंडात घेऊन हिंडतेस?” बाई म्हणाल्या. “माझ्याकडं आली का नाहीस?”

“बाई, तुम्हीच सांगितलं होतंत, घरातल्या आरशात रंग बघायचा नाही. मला पिवळा दिसायचा. मग वाटायचं, माझाच आरसा वाईट. तुम्ही उजेडात बघितलेला.”

“आणि लोकं? लोकांना नाही दिसला?”

“पोरं म्हणतात ना. ताईचा मक्याचा दाणा.” ताई हसायला गेल्या आणि सवयीनं पदर तोंडावर गेला. “गाणी शिकवताना मी असा पदर धरते. आता सवय झाली.”

पदर धरून गाणी. बाईंना ते लागलं, आतपर्यंत लागलं. मग एकदम माझ्याकडं वळल्या आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या, “तू तोंड उघड.”

माझा सुळा त्यांनी दोन वर्षांपूर्वी बसवला होता. मी तोंड उघडलं. त्यांनी वाकून बघितलं. मी म्हणाले, “अहो, चावता येतं ना, मग झालं. मला कुठं लग्नाला उभं राहायचंय?” त्या दवाखान्यात गेल्या आणि आतून कडी घातली. दुपारी चहाला हाक मारली, तर ‘ओ’सुद्धा दिली नाही.

तुम्ही म्हणाल, रंगावर पोट भरणारी ही बाई, हिला स्वतःचा सुळा दिसला नाही? दिसला हो. पण बाईंनी उजेडात बघितला म्हटल्यावर तो प्रश्नच मिटला होता. जव्हारच्या बाजारात, साखरशेतात, खोडाळ्यात, ज्यांच्या ज्यांच्या तोंडात तो पिवळा दात होता त्या सगळ्यांनी आपापल्या आरशालाच दोष दिला होता. एकानं तर आरसा बदलला, नवा आणला. तरी दात पिवळाच, म्हणून घरातला बल्ब बदलला. बाईंवर शंका घेणं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझा तर ऐकून वासलेला आ मिटेना.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात अजब प्रकार सुरू झाला. बाईंना कळलं, ही बातमी पसरली, आणि बाई दिसल्या की माणसं तोंडं लपवायला लागली. कांदे-बटाटेवाला एरवी घसा फाडून ओरडणारा. तो बाई समोर आल्या की गमछा नाकापर्यंत ओढून नुसती मान हलवायचा. बाईंना वाईट वाटू नये म्हणून. बाईंनी त्याचा गमछाच ओढला.

“दाखव.”

“काय नाय बाई, मस्त हाय. नागलीची भाकर खातोय.”

“खायला काय, अडकित्ताही चालतो! तोंड उघड!”

ज्या बाईनं जन्मभर लोकांना तोंडं मिटायला लावली ती आता भर बाजारात तोंडं उघडा म्हणत हिंडत होती, आणि लोक उघडायला तयार नव्हते. मी हसले, खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळी ओट्यावर त्या शेजारी बसल्या तेव्हा हसू आवरलं. म्हणाल्या, “तुमच्या एवढ्या सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता, हेच मला झेपत नाहीये गं. एकानं तरी शिव्या द्यायच्या होत्या.”

“मी देते की रोज.”

“त्या लालवरून. दातावरून द्यायच्या होत्यास.”

दुसरा डोळाही झाला. काही आठवडे त्यांनी कुणाच्या दाताला हात लावला नाही, कारण सुरुवातीला सगळंच निळसर दिसत होतं म्हणे. मग पहिला निरोप खोडाळ्याला गेला. ताई येईनात. “राहू द्या बाई, तुम्हाला त्रास,” एवढंच. शेवटी बाई स्वतः जीपमध्ये बसून खोडाळ्याला गेल्या आणि अंगणवाडीच्या दारात उभ्या राहिल्या. आत ताई गाणं म्हणत होत्या, तोंडावर पदर. बाईंनी ते गाणं सगळं ऐकलं. हे मला नंतर ताईंनीच सांगितलं. गाणं संपल्यावर बाई म्हणाल्या, “उद्या येतेस, की मी भट्टी इथं आणू?”

पिवळा दात फोडूनच काढावा लागला. बसवलेला सिरॅमिक अख्खा निघत नाही. तात्पुरता दात लावला. पुन्हा ओट्यावर टॉवेल, पुन्हा नमुन्याची पट्टी. लाल मी आधीच उतरवून ठेवलं होतं. पण त्या दिवशी बाईंनी एक गोष्ट केली जी मी कधी बघितली नव्हती. पट्टी ताईंच्या हातात दिली. वर आरसा दिला. म्हणाल्या, “तुला कुठला वाटतो?”

ताई गोंधळल्या. “मला काय कळतं बाई?”

“तुझा दात आहे. सांग.”

मग मला विचारलं. मग रस्त्यानं चाललेल्या एका बाईला थांबवून विचारलं. आम्ही तिघींनी एकाच नमुन्यावर बोट ठेवलं तेव्हा बाईंनी मान हलवली. त्यांच्याही मनात तोच होता.

नवा दात आला, भट्टीतून निघाला, पण बाईंनी तो पक्का चिकटवला नाही. कच्च्या लेपावर बसवला आणि म्हणाल्या, “आता घरी जा. आरशात बघ. बल्बखाली बघ, चुलीपाशी बघ, पोरांना दाखव. पसंत पडला तरच परत ये.” मी काठी हातात धरून उभीच राहिले. घरातल्या आरशात बघ! ही बाई हे म्हणतेय!

ताई बाजाराच्या दिवशी परत आल्या. हसतच आल्या, पदर खांद्यावर. “बाई, पोरं शोधतात. ताई, दाणा कुठं गेला, दाणा कुठं गेला, म्हणून माझ्या तोंडात बघतात. एक पोरगी तर रडायलाच लागली.”

बाईंनी तो दात पक्का केला. मग एकेक माणूस आपणहून यायला लागला. गमछावालाही आला. मी म्हटलं, “माझा?” तर म्हणाल्या, “तू शेवटी. तुझं तोंड बंद ठेवायचं म्हणजे बाजार बंद ठेवण्यासारखं आहे.”

माझी पाळी आलीच नाही.

परवापरवाची गोष्ट. दुपारी चहाची हाक मारली, उत्तर नाही. मला वाटलं, रुसल्या. सकाळीच आमचं लालवरून वाजलं होतं. आत गेले तर पेशंटच्या खुर्चीत बाई बसलेल्या, मान एका बाजूला, मांडीवर नमुन्याची पट्टी. मी हलवलं. “अहो बाई,” म्हटलं. “अहो, उतरवते लाल, उठा.” सकाळी भांडलेलं माणूस दुपारी नाही, हे कसं मान्य करायचं?

पुतण्या पोचेपर्यंत त्यांना ओट्यावर ठेवलं. साखरशेतहून, मोखाड्याहून, खोडाळ्याहून माणसं आली, जीपच्या टपावर बसून आली. आमच्याकडं रडणं मोकळं असतं. बायका तोंड उघडून, आवाज काढून रडत होत्या, पुरुषही रडत होते, आणि ओट्यावर तोच उत्तरेचा उजेड पडला होता. कुणी तोंड लपवत नव्हतं. इथं एक पिवळा, तिथं एक पिवळा, जे राहून गेले ते सगळे दात मला दिसत होते. मला वाटत होतं, आता बाई उठतील आणि ओरडतील, मिटा ती तोंडं, वाळतील दात!

अंगणवाडीच्या ताई माझ्या समोरच होत्या. बाईंच्या पायांशी बसून, पदर खाली पडलेला, मोठ्यानं रडत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. इतकी वर्षं रंगात गेली माझी, पण समोरच्या दातांतला बाईंनी केलेला दात कुठला, ते मला काही केल्या सापडेना.